हवेच्या ऑफिसला कायद्यांत नाक खुपसायचं कारण काय?

पुलापलीकडचा (फ्रीमाँट)

नमस्कार मंडळी. प्रश्नाला येईपर्यंत जरा पाल्हाळ आहे, सांभाळून घ्या.

मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो, ऑफिस सॅन फ्रान्सिस्को खाडीपलीकडे मेन्लो पार्कला. म्हणजे रोज डंबार्टन पूल. २०२३ मध्ये इलेक्ट्रिक गाडी घेतली. घरी सगळ्यांना पर्यावरणाचं कारण सांगितलं, पण खरं कारण बंपरवरचा तो स्टिकर. गाडीत एकटं बसून कारपूल लेनमधून (एरवी दोघं-तिघं असलेल्या गाड्यांसाठी राखीव) जायची मुभा! ३० सप्टेंबर २०२५ ला ती मुभा संपली आणि आता मी पुन्हा इतर पापी जनांबरोबर रांगेत उभा.

हे ठरवतं कोण, हे शोधायला गेलो (लेन बंद झाल्यावर वेळ भरपूर मिळतो) आणि भरकटत बे एरिया एअर डिस्ट्रिक्टच्या (खाडीभोवतालच्या भागाचं हवा-प्रदूषणाचं ऑफिस) एका समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर पोचलो. तिथे एक लांबलचक तक्ता. विधेयकाचा क्रमांक, मांडणाऱ्याचं नाव, एक ओळ माहिती, आणि शेवटच्या रकान्यात 'पाठिंबा', 'विरोध', 'दुरुस्ती केल्यास पाठिंबा', 'वॉच'. ट्रक, बस, पार्किंग, दंड, सगळ्या विषयांवर.

मला हे ऑफिस माहीत आहे ते 'आज स्पेअर द एअर, लाकूड जाळू नका' असे मेसेज पाठवणारं म्हणून. यांनी धुराडी तपासावीत. सॅक्रामेंटोत, म्हणजे राज्याच्या राजधानीत, होणाऱ्या कायद्यांवर मत देणारे हे कोण? उद्या आपल्याकडे पाटबंधारे खात्याच्या शाखा अभियंत्याने 'विधानसभेतल्या अमुक विधेयकाला आमचा विरोध आहे' असं पत्र काढलं तर कसं दिसेल?

तर (१) हे कायद्यात बसतं का, (२) माझ्या पैशाने चालतं का, (३) ती पत्रं कोणी वाचतं का, आणि (४) एवढी पत्रं लिहितात तर माझा स्टिकर का नाही वाचवला?

लोणावळ्याचा_पाऊस

चौथा प्रश्न पहिला लिहायचा होता ना राव. बाकीचे तीन त्याचे वऱ्हाडी दिसतायत.

कृष्णाकाठ

पुलापलीकडचा, स्टिकरचं दुःख पोचलं. माझ्याकडे तो कधीच नव्हता, त्यामुळे सहानुभूती बेताची आहे.

मी कॅलिफोर्नियातल्या एका एअर डिस्ट्रिक्टमध्ये (राज्यात अशी ३५ आहेत, माझं कुठलं ते राहू दे) सतरा वर्षं काढली. पहिली अकरा परवान्यांवर: बॉयलर, रंगकामाची बूथ, पेट्रोल पंपाच्या टाक्या, ड्रायक्लीनर. शेवटची सहा विधेयकं वाचण्यात. तुम्ही पाहिलात तसले तक्ते मी केलेत. आता निवृत्त आहे आणि वेळ माझ्याकडेही भरपूर आहे, तेव्हा उत्तर लांबेल.

आधी ती पाटबंधाऱ्याची उपमा. ती गळते. शाखा अभियंता हा राज्य सरकारचा नोकर. बे एरियाचं डिस्ट्रिक्ट हे राज्याचं खातं नाही. १९५५ मध्ये विधिमंडळाने कायदा करून ते उभं केलं, देशातली अशी पहिली प्रादेशिक संस्था. नऊ काउंट्या त्यात येतात (सोलानो आणि सोनोमा अर्ध्यामुर्ध्याच). वर २४ जणांचं मंडळ, आणि ते सगळे काउंटीचे सुपरवायझर, शहरांचे महापौर, नगरसेवक. म्हणजे लोकांनी निवडून दिलेलीच माणसं. त्यातल्या त्यात जवळची उपमा द्यायची तर जिल्हा परिषदेची. जिल्हा परिषदेने ठराव करून मुंबईला पाठवला तर तुम्ही दचकाल का?

आता मुद्द्याची गोष्ट. या संस्थेचा हुकूम चालतो धुराड्यावर, सायलेन्सरवर नाही. रिफायनरी, भट्टी, जनरेटर, बेकरी हे तिचं. गाडी, ट्रक, बस यांच्या धुराचे नियम राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाकडे आणि त्याच्याही वर वॉशिंग्टनला. ते राज्य बोर्ड १९६७ चं, रेगन गव्हर्नर असताना त्यांच्याच सहीने झालेलं (हे आजच्या रिपब्लिकन मित्रांना सांगितलं की चेहरे बघण्यासारखे होतात). आणि बे एरियाच्या हवेत घाण टाकण्यात पहिला नंबर वाहनांचा. म्हणजे ज्याच्यामुळे हवा सगळ्यात जास्त बिघडते त्यालाच तुम्ही हात लावायचा नाही, आणि हवा स्वच्छ का नाही याचा जाब मात्र लोक तुम्हालाच विचारणार.

एक उदाहरण सांगते, तुम्ही गाडीतून पाहिलंही असेल. ओकलंडमध्ये दोन हायवे जवळजवळ समांतर जातात. ५८० टेकडीच्या बाजूने, ८८० खाडीच्या बाजूने. ५८० वर सॅन लिअँड्रोच्या हद्दीपासून ग्रँड अ‍ॅव्हेन्यूपर्यंत साडेचार टनांवरच्या ट्रकांना बंदी आहे. त्यामुळे बंदराचे अवजड ट्रक ८८० वरून, ईस्ट ओकलंडच्या घरांना खेटून जातात. टेकडीवरच्यांना झाडं, खालच्यांना डिझेल. ही बंदी राज्याच्या व्हेइकल कोडमध्ये लिहिलेली आहे. एअर डिस्ट्रिक्टचा माणूस ८८० च्या कडेला यंत्र लावून काजळी मोजू शकतो, दर तासाचा आकडा छापू शकतो, पण एक ट्रक उचलून ५८० वर घालू शकत नाही. ते करायचं तर कायदा बदलायला हवा. आणि कायदा बदलणाऱ्याला तुम्ही काय देऊ शकता? आकडे आणि पत्र. त्या शेवटच्या रकान्याचा जन्म इथे आहे.

तुमचा पहिला प्रश्न: बसतं. स्थानिक संस्थांनी विधिमंडळापुढे आपली बाजू मांडायला राज्याच्या कायद्यात सरळ परवानगी आहे. त्यासाठी सॅक्रामेंटोत माणूस ठेवला तर नोंदणी करावी लागते, दर तिमाहीला किती खर्च केला ते जाहीर करावं लागतं. जे बसत नाही ते म्हणजे निवडणुकीतला प्रचार. मतपत्रिकेवर एखादा प्रस्ताव असेल तर 'याला मत द्या' म्हणून सरकारी पैसा खर्चता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये स्टॅन्सन विरुद्ध मॉट या खटल्यात ते स्पष्ट केलं. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे पढवायचे. आमदाराशी बोला, मतदाराला माहिती द्या, पण त्याचा हात धरू नका.

दुसरा: थोडाफार, हो. परवान्यांची फी, मालमत्ता कराचा वाटा, दंड, अनुदानं असं मिळून घर चालतं. तुमच्या गाडीच्या नोंदणीतून जे जातं (४ डॉलर १९९१ च्या कायद्याने, आणखी २ नंतरच्या) ते मात्र धूर कमी करणाऱ्या कामांसाठी बांधलेलं आहे. जुनी इंजिनं मोडीत काढणं, शटल, सायकलचे रस्ते. पत्राचा कागद त्यातून येत नाही.

तिसरा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. वाचतं का कोणी?

दर वर्षी दोन हजारांच्या आसपास विधेयकं येतात, फेब्रुवारीत तर पूर. आम्ही 'हवा', 'उत्सर्जन', 'डिझेल', 'परवाना' असे शब्द टाकून चाळायचो. चाळणीत राहिलेली वाचायची. मग त्या त्या विभागाच्या अभियंत्याला गाठून 'हे झालं तर तुझ्या कामात काय बदलेल' हे विचारायचं. अभियंत्यांना विधेयकाची भाषा वाचायला लावणं हे मांजरीला आंघोळ घालण्यासारखं आहे, पण खरी माहिती तिथेच मिळते. मग शिफारस, समिती, पूर्ण मंडळ, आणि मग पत्र.

पहिल्यांदा सुनावणीला गेले तेव्हा चार पानं लिहून, रात्री आरशापुढे उभं राहून वाचून गेले होते. तिथे कळलं, बाजूने दोन साक्षीदार, विरोधात दोन, प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं. बाकीच्यांनी माइकपुढे रांग लावायची. नाव, संस्था, 'पाठिंबा', पुढचा. माझी चार पानं पर्समध्येच राहिली. परतताना डेव्हिसला थांबून रागाने दोन डोसे खाल्ले.

पण आमदार ऐकत नसले तरी त्यांच्या कार्यालयातली पोरं वाचतात. समिती प्रत्येक विधेयकावर टिपण काढते, त्याच्या शेवटी बाजूचे कोण, विरोधातले कोण यांची यादी असते. अनुभवी माणूस ते टिपण मागून वाचायला घेतो. आहेराच्या वहीसारखं, कोणी काय घातलं ते आधी. तेल कंपन्या एका बाजूला आणि एअर डिस्ट्रिक्ट दुसऱ्या बाजूला असलं की फोन येतो, 'तुमचं म्हणणं काय आहे?' त्या फोनसाठी सगळा खटाटोप.

आणि कधीकधी डिस्ट्रिक्ट नुसतं मत देत नाही, विधेयकच घेऊन जातं. २०२२ च्या थँक्सगिव्हिंगला मार्टिनेझच्या रिफायनरीतून २० टनांहून जास्त वापरलेल्या कॅटलिस्टची भुकटी गावावर पडली. सकाळी लोकांच्या गाड्यांवर पांढरा थर. आता दंडाची गंमत बघा. डिस्ट्रिक्ट दंड करू शकतं, पण किती ते राज्याचा कायदा ठरवतो. साध्या उल्लंघनाची कमाल मर्यादा कित्येक वर्षं १,००० डॉलर होती, ती २०१७ च्या एबी ६१७ ने ५,००० केली (एबी आणि एसबी म्हणजे विधिमंडळाच्या खालच्या आणि वरच्या सभागृहातली विधेयकं). रिफायनरीच्या हिशोबात हा चहापाण्याचा खर्च. मग बे एरिया डिस्ट्रिक्टने आमदार बफी विक्स यांच्याकरवी एबी १४६५ आणलं. मोठ्या कारखान्यातून विषारी द्रव्यं सुटून वस्तीचे हाल झाले तर कमाल दंड तिप्पट. २०२४ मध्ये गव्हर्नरची सही झाली. हे नुसतं धुराडी तपासून झालं नसतं.

वाहतुकीतलंही एक घ्या, बहुधा तुमच्याच खिशातलं. तुमच्या ऑफिसात क्लिपर कार्डासाठी (बस-ट्रेनचं कार्ड) करपूर्व पैसे कापून घ्यायची सोय असेल. बे एरियात ५० किंवा जास्त पूर्णवेळ माणसं असलेल्या मालकाला अशी काही ना काही सोय द्यावीच लागते. तो नियम एअर डिस्ट्रिक्ट आणि एमटीसी (प्रादेशिक वाहतूक आयोग) या दोघांनी मिळून केला. पण तसा नियम करायचा अधिकार आधी नव्हताच. २०१२ च्या एसबी १३३९ ने तो प्रयोग म्हणून दिला, २०१६ च्या एसबी ११२८ ने कायम केला. अधिकारच विधेयकातून येतो म्हटल्यावर विधेयकाकडे पाठ करून कसं बसणार?

'वॉच' बद्दल एक कबुली. 'वॉच' म्हणजे मत नाही, नुसतं लक्ष. इथे एक प्रकार चालतो, मी त्याला करंजी म्हणते. विधेयकाची पारी तीच ठेवायची, क्रमांक तोच, आतलं सारण काढून भलतंच भरायचं. एका वर्षी पार्किंगबद्दलचं एक निरुपद्रवी विधेयक मी 'वॉच' मध्ये टाकलं आणि गणपतीला मिरजेला गेले. ऑगस्ट अखेर अधिवेशनाची घाई असते. परत येऊन बघते तर पार्किंग गायब आणि आत डिझेल जनरेटरना परवान्यातून सूट. नशीब, २०१६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव ५४ पासून शेवटच्या मतदानाआधी ७२ तास मजकूर छापून ठेवावा लागतो. धावपळ करून पत्र गेलं. विधेयक अडकलं, पण आमच्या पत्रामुळे नाही, त्यांचं आपापसात बिनसलं. तरी वार्षिक अहवालात आम्ही ते आमच्या नावावर लावलंच.

राहिला स्टिकर. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये स्वतःची मुदत १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवलीच होती. पण एकट्याने कारपूल लेनमधून जायची परवानगी मुळात केंद्रीय कायद्यातून येते, आणि २०१५ च्या फास्ट अ‍ॅक्टमध्ये तिची तारीख लिहिलेली होती: ३० सप्टेंबर २०२५. वॉशिंग्टनने ती वाढवली नाही. सॅक्रामेंटोला पत्रांचा ढीग लावला असता तरी उपयोग नव्हता. आणि हवेचं म्हणाल तर तुमची गाडी डाव्या लेनमध्ये असो की उजव्या, धूर तेवढाच. शून्य.

खतावणी

कृष्णाकाठताई, माहिती उत्तम, पण दुसरी बाजू मांडतो.

मी ट्रेसीत ट्रकवाल्यांचे हिशोब लिहितो. बरेचसे पंजाबी, एक ट्रक नाहीतर तीन ट्रक. ओकलंड बंदरातून कंटेनर उचलायचे आणि आमच्याकडच्या गोदामांत टाकायचे. आम्ही बे एरिया डिस्ट्रिक्टमध्ये येतच नाही, आल्टामाँटची खिंड ओलांडली की सॅन वाकीन व्हॅलीचं वेगळं डिस्ट्रिक्ट. म्हणजे तुमच्या त्या २४ जणांत आमचा एकही नाही.

१ जानेवारी २०२३ पर्यंत जवळपास सगळे ट्रक २०१० किंवा नंतरच्या इंजिनाचे करा, असा राज्याचा नियम होता. केले. कर्ज काढून केले. मग बंदरातल्या ट्रकांसाठी नियम आला की १ जानेवारी २०२४ पासून नवी नोंदणी फक्त शून्य-उत्सर्जनाची. वॉशिंग्टनची मंजुरी नाही म्हणून अंमलबजावणी लटकली, आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्याने मंजुरीचा अर्जच मागे घेतला. मधल्या वर्षात माझ्या एका अशिलाने घाबरून चांगला चालता ट्रक विकला आणि तो धंद्यातूनच गेला. आता तो उबर चालवतो. हा नियम कुठल्या डिस्ट्रिक्टने केला नाही, मान्य. पण अशा गोष्टींना 'पाठिंबा' लिहिताना त्या तक्त्यात 'हे भरणार कोण' असा रकाना नसतो. नगरसेवकाला हात वर करायला काय जातं?

कृष्णाकाठ

खतावणी, रकाना नसतो हे खरं आहे. राज्याला खर्च किती ते विधिमंडळाचं टिपण सांगतं, एका ट्रकवाल्याला किती ते कोणी सांगत नाही. आम्ही 'दुरुस्ती केल्यास पाठिंबा' लिहायचो तेव्हा बऱ्याचदा दुरुस्ती हीच असायची की आधी अनुदानाला पैसे ठेवा. पैसे यायचे थोडे आणि त्यांचे अर्ज असे की तुमच्यासारखा हिशोबनीस लागावा. तुमच्या अशिलाला मिळालं नसेल तर मला नवल नाही.

मंडळात तुमचा माणूस नाही, हेही बरोबर. पण वारा त्याच आल्टामाँटवरून तुमच्याकडे येतो, येताना आमचा धूर घेऊन. तेव्हा बे एरियात काय होतं यावर तुमच्या डिस्ट्रिक्टनेही पत्र लिहावं, मी तर म्हणेन लिहायलाच हवं.

जाता जाता, मे २०२५ मध्ये काँग्रेसने कॅलिफोर्नियाच्या गाड्या-ट्रकांच्या तीन मंजुऱ्या ठराव करून काढून घेतल्या, १२ जूनला राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि त्याच दिवशी कॅलिफोर्निया आणखी दहा राज्यांबरोबर कोर्टात गेलं. म्हणजे नियम आहे की नाही हे तुमच्या ट्रकवाल्यालाही सांगता येणार नाही आणि मलाही. धंदेवाल्याचा जीव नियमापेक्षा या अधांतरी लटकण्यानेच जास्त जातो, हे तुमचं म्हणणं मला पटतं.

माहुल_रोड

चेंबूरहून वाचतोय. आपल्याकडेही वाटणी अशीच आहे बरं का. १९८१ च्या हवा कायद्यात कारखाने प्रदूषण मंडळाकडे, आणि गाड्यांच्या धुराचं कलम २०: राज्य सरकारने मंडळाशी सल्लामसलत करून आरटीओला सूचना द्यायच्या. धुराडं एकाकडे, सायलेन्सर दुसऱ्याकडे. फरक एवढाच की आमचं मंडळ अख्ख्या राज्याचं. दिल्लीच्या आसपासच्या भागासाठी २०२१ मध्ये वेगळा आयोग केला, मुंबई महानगर प्रदेशाला तसं काही नाही. आणि मंडळाने एखाद्या विधेयकाला 'विरोध' असा रकाना भरून तो सगळ्यांना वाचायला ठेवलाय, हे चित्र डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न केला. नाही आलं.

पुलापलीकडचा (फ्रीमाँट)

सगळ्यांचे आभार. उपमा गळते हे मान्य, बादली लावली आहे.

ऑफिसात क्लिपरचं विचारलं. सोय होती. चार वर्षं होती. एचआरच्या बाई म्हणाल्या, 'तुम्ही पहिलेच विचारणारे नाही, पण फार नाहीत.' डंबार्टन पुलावरून बस जाते हे मला माहीत होतं, पण ती माझ्यासाठी आहे असं कधी वाटलं नव्हतं. सोमवारी बसून बघतो. तीही त्याच रांगेत अडकणार असेल तर निदान झोप मिळेल.

एक शेवटचं, कृष्णाकाठताई: त्या समितीपुढे सामान्य माणसाला बोलता येतं का?

कृष्णाकाठ

येतं. सार्वजनिक टिप्पणी म्हणून विषय पुकारतात तेव्हा, घरबसल्या झूमवरूनही. मिनिटं दोन-तीनच मिळतात. चार पानं लिहू नका.